पावणेतीन, दीड आणि सव्वातीन

शाळेत अपूर्णांकांचा धडा सुरू झाला की घरोघरी रडारड ठरलेली! पण परवा माझ्यापुढे आलेलं गणित वहीतलं नव्हतं, मजुरीचं होतं.

आमच्या सिरोंच्याकडे मे महिना म्हणजे तेंदूपत्त्याचा. पहाटे रानात जायचं, पानं आणून पुडे बांधायचे नि फळीवर मोजून द्यायचे. मजुरी शेकड्यावर. आमच्याकडे कामाला येणाऱ्या अक्कांनी तीन दिवसांत पावणेतीन, दीड आणि सव्वातीन शेकडे पुडे दिले. दर शेकड्याला चारशे रुपये. हाती आले सव्वीसशे. अक्का म्हणाल्या, "बाई, कमी वाटतात." पण सहावीतल्या त्यांच्या लेकीने वहीत हिशेब मांडून 'बरोबर आहेत' असा निर्वाळा दिलेला!

मी वही पाहिली. २ ३/४, १ १/२, ३ १/४ असं अगदी नीट लिहिलेलं. पूर्णांकांची बेरीज सहा, तीही बरोबर. मग वरचे आकडे मिळवून पाच, खालचे मिळवून दहा. पाच दशांश, म्हणजे अर्धा. झाले साडेसहा! चुकीची रीत नि चुकलेली मजुरी नेमकी जुळली, म्हणून पोरीला शंकाच आली नाही. खालचा आकडा म्हणजे तुकडा केवढा, हे कळलं नाही की असं होतं. अर्धी भाकरी नि पाव भाकरी मिळून 'दोन तुकडे' म्हणता येतं, पण भाकरी किती ते त्यातून कळतं का?

अक्कांना अक्षर येत नाही. त्यांनी बोटांवर सांगितलं, सव्वातीनातला पाव काढून पावणेतीनात घातला, तीन नि तीन सहा; वर दीड. साडेसात! हजार रुपये मोजायची सवय असलेल्या माणसालाही इतकं चटकन जमणार नाही.

मी लेकीला तेच पावांत करून दाखवलं. पाऊण म्हणजे तीन पाव, अर्धा म्हणजे दोन, नि एक पाव. सहा पाव झाले, म्हणजे दीड. सहा नि दीड साडेसात. पूर्वी आम्ही हे पावलीवर शिकवायचो, चार पावल्यांचा रुपया. पण पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ पासून चलनातून गेलं. आताच्या मुलांनी पावली पाहिलेलीच नाही, त्यांना भाकरीच बरी.

इथली आणखी एक गंमत सांगते. घरात तेलुगू बोलणारी पुष्कळ मुलं 'पावणेतीन' ऐकून ३ ३/४ लिहितात. त्यांच्या भाषेत 'रेंडु मुप्पावु', दोन नि पाऊण, जसं लिहितो तसंच. आपलं मराठी मात्र तिनाला पाव कमी म्हणतं. चूक मुलाची नाही हो! म्हणून आधी 'तिनाच्या अलीकडे की पलीकडे?' एवढंच विचारावं.

गुणाकारात तर हमखास घोटाळा. सात चोक अठ्ठावीस करून अर्धा तसाच चिकटवतात. अर्ध्यालाही चारांनी गुणायला हवं, त्याचे दोन. अठ्ठावीस नि दोन तीस. साडेसात शेकड्यांचे तीस शेकडे रुपये, म्हणजे तीन हजार. आमच्या आजीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवाकी, दिडकी, अडीचकी, सगळं तोंडपाठ. सगळी पाठ करा असं नाही म्हणत मी, पण निमकी नि पावकी जेवताना दोन दिवसांत होते.

वजाबाकीला मात्र मी दुकानदारांची रीत वापरते. पाच किलो तांदळातले पावणेतीन गेले, उरले किती? पावणेतिनाला पाव घातला की तीन, तिनाला दोन घातले की पाच. सव्वादोन! हातचा नाही, छेद नाही.

दुसऱ्या दिवशी मायलेकी वही घेऊन फळीवर गेल्या. लेकीने तिथे उभ्याने पाव मोजून दाखवले. वहीत सातचा सहा झाला होता म्हणे. चारशे रुपये मिळाले. त्यातून लेकीला नवी वही आली, आणि अक्का आता रोज तिचा गृहपाठ स्वतः तपासतात, बोटांवर.