बोटीचा तळ आणि मोटारीचे रूप

तारोडीत कुणी मोटार घ्यायची ठरवली की ती त्याची एकट्याची राहत नाही. डोंगरीपासून उत्तनच्या बंदरापर्यंत तिची चर्चा होते. लग्नाला, दवाखान्यात, भाईंदर स्टेशनवर ती कुणाकुणाला नेईल याचा हिशेब मालकाच्या आधी शेजारी मांडून मोकळे होतात. अशा गावात राहून मी दोन आसनांची जुनी स्पोर्ट्‌स कार घेणार आहे, असे घरी जाहीर केले. वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "आपण घरात माणसं किती?" प्रश्न बिनतोड होता. तरीही तो चुकीचा होता असे मला आजही वाटते. आणि जो प्रश्न विचारायला हवा होता तो त्यांनीही विचारला नाही, मीही नाही.

गाडी होती 'सॅन स्टॉर्म'. पुष्कळांना हे नाव ठाऊक नसेल. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्स या कंपनीने गोव्यात ही छोटी, उघड्या टपाची मोटार बनवायला घेतली. आराखडा फ्रान्समधला, ११४९ सीसीचे इंजिन रेनोचे, अंग फायबरचे. ताकद सुमारे साठ अश्वशक्ती! आजची साधी स्विफ्ट याहून अधिक जोर लावते. म्हणजे वेगाच्या वेडापायी कुणी स्टॉर्म घेत असेल तर त्याने आधी डोके तपासून घ्यावे. पण ती जमिनीलगत धावते, हलकी आहे, वर आकाश आहे, आणि कोकणकिनाऱ्यावर बनलेली दुसरी स्पोर्ट्‌स कार मला तरी माहीत नाही. एवढ्या कारणांवर माणसे प्रेमात पडतात. मीही पडलो.

तरुणाने अशी गाडी घ्यावी की नाही, यावर आपल्याकडे दोनच पक्ष असतात. वडीलधारे म्हणतात, पहिली गाडी म्हणजे चार दारांची, चांगल्या अॅव्हरेजची, पुढे विकता येईल अशी. मित्र म्हणतात, एकदाच जगायचे आहे, घेऊन टाक. दोन्ही पक्ष गाडीच्या रूपाबद्दलच बोलतात. एकाला ते रूप खटकते, दुसऱ्याला भुलवते, इतकेच. हौस असावी, या मताचा मी आहे. गावात कर्ज काढून हळदीला चार-चारशे पाने उठतात, ती काय गरज म्हणून? माझी तक्रार वेगळी आहे. जुनी वस्तू कशी पारखावी हे आमच्या किनाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मोटारीपाशी आले की मात्र आम्ही ते साफ विसरतो.

उत्तनला जुनी बोट विकायला निघाली की काय होते ते पाहा. रंगाकडे कुणी ढुंकून बघत नाही. लाकडी बोटीवर हल्ली फायबरचा लेप चढवलेला असतो; तो वरून गुळगुळीत, चकचकीत दिसतो. जाणता नाखवा त्या लेपावर बोटाच्या पेराने टकटक करीत तळाभोवती फिरतो, आवाज बदलला की थांबतो, आणि लेपाखाली लाकूड कुजले आहे का याचा अंदाज घेतो. मग इंजिन, मग कागद, आणि सर्वांत शेवटी किंमत. विकणाऱ्यालाही यात अपमान वाटत नाही.

मी काय केले? म्हापशाच्या एका विक्रेत्याने पाठवलेली छायाचित्रे पाहिली आणि दहा हजार रुपये विसार धाडून दिला. गाडी लाल होती, हे एक कारण. फायबर गंजत नाही, हे दुसरे. या दुसऱ्या कारणाचा मला फार अभिमान होता. मिठागरांच्या आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत आमच्या दाराच्या कड्यासुद्धा दोन पावसाळ्यांत सोलून निघतात. तिथे न गंजणारी मोटार म्हणजे देवाची देणगीच, असे मी घरी पटवून देत होतो.

उत्तनला बोटीवर असणारे माझे मामा सोबत आले, ते केवळ आईच्या आग्रहाखातर. आम्ही थिवीला उतरलो आणि म्हापशाला गेलो. मी आसनावर बसून चाक हातात धरले, तोवर मामा गाडीखाली शिरले होते. खालून टकटक ऐकू येत होती. नंतर त्यांनी पेचकस मागितला. स्टॉर्मचे अंग फायबरचे असले तरी आतला सांगाडा लोखंडी असतो, ही गोष्ट मी वाचली होती आणि सोयीस्करपणे विसरलो होतो. मामांनी पेचकस टेकवला तिथे लोखंडाचे पापुद्रे त्यांच्या तोंडावर पडले. बाहेर येऊन डोळे पुसत ते म्हणाले, "भाच्या, कातडी शाबूत आहे, हाडं गेलीत." पत्र्याच्या गाडीला गंज चढला की तो फुगून, फोड येऊन दिसतो तरी, इथे न गंजणाऱ्या अंगाने गंजणारा सांगाडा झाकून ठेवला होता. माझ्या अभिमानाचेच ते दुसरे टोक.

टायरांची नक्षी नव्यासारखी होती. पण टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते वाचल्यावर कळले की टायर माझ्या शाळेच्या दिवसांतले आहेत. गाडी फार चालली नाही, याचा विक्रेत्याला गर्व होता. उभ्या गाडीचे रबर मात्र झिजत नसले तरी वाळते. पेट्रोलच्या नळ्यांचेही तेच. त्यातून २०२५ पर्यंत आपल्याकडे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल जवळपास सर्वत्र आले. त्या काळच्या गाड्यांच्या नळ्या अशा पेट्रोलसाठी केलेल्या नव्हत्या.

आणि कागद! नोंदणीपुस्तकावर विक्रेत्याचे नावच नव्हते. दोन हात आधीच्या मालकाचे होते. "सही केलेले फॉर्म आहेत ना," असे तो सहज म्हणाला. वाहन बदलीच्या २९ आणि ३० क्रमांकाच्या फॉर्मांवर कोरी सही घेऊन मोटार हातोहात फिरवण्याची ही पद्धत आपल्याकडे सर्रास चालते. नावावर न करता एकामागून एक विकल्या गेलेल्या अशाच एका गाडीच्या अपघातात, नोंदीवर ज्याचे नाव तोच भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ठरवले. म्हणजे तो बिचारा पहिला मालक अजूनही माझ्यासारख्याच्या हाती आपले नशीब सोपवून बसलेला. शिवाय गोव्याची गाडी महाराष्ट्रात कायमची आणायची तर तिथल्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला, इथला कर, नवा क्रमांक. आणि पंधरा वर्षे उलटलेली असल्याने दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण. यातला एकही खर्च मी मांडला नव्हता. मी फक्त लाल रंग मांडला होता.

चासीचा क्रमांक गाडीवर आणि पुस्तकात एकच आहे ना, हे पेन्सिलीने छाप घेऊन पाहणे कुणाला वेडेपणा वाटेल. पुण्याजवळ बनलेल्या 'डीसी अवंती' या स्पोर्ट्‌स कारचे प्रकरण त्यांनी आठवावे. एकाच चासी क्रमांकावर एकाहून अधिक नोंदण्या झाल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांनी २०२० च्या डिसेंबरात गुन्हा नोंदवला होता. (गंमत अशी की अवंतीचेही इंजिन रेनोचेच. आपल्या मातीतल्या दोन्ही स्पोर्ट्‌स कारचे काळीज फ्रेंच निघावे!)

विसार बुडाला. विक्रेत्याने तो परत करायला नकार दिला आणि मामांनी भांडायला नकार दिला, परतीच्या गाडीत ते म्हणाले, "दहा हजारांत शिकलास, स्वस्तात शिकलास." वडिलांना वाटले, आता हा चार दारांवर येईल. इथेच त्यांचे आणि माझे मतभेद कायम आहेत. कुजलेल्या तळाची बोट पाहून आली म्हणून कुणी मासेमारी सोडत नाही. चार दारांची जुनी गाडीसुद्धा मी माझ्या पद्धतीने घेतली असती तर तितकाच फसलो असतो. फक्त घरच्यांनी मला शहाणा म्हटले असते.

कोल्हापूरकडे दुसरी एक स्टॉर्म विकायला आहे, असे कळले आहे. ही हिरवी आहे, आणि पुस्तकावर मालकाचे स्वतःचे नाव आहे. मामांना विचारले. ते म्हणाले, मासेमारीची बंदी आहे, बोटी किनाऱ्यावरच आहेत, पुढल्या रविवारी जाऊ. पेचकस मात्र या वेळी तू घे, आणि खालीही तूच शीर.