तिनंही अंगावर काढायचं का?

अंगावर काढणं ही आपली बायकांची जुनी खोड. वाडीवाडीतून फिरताना दिसतं, दारातल्या कुत्रीच्या वाट्यालाही तेच आलंय. ती खात नाही, पडून असते, घमेलंभर पाणी पिते. 'उष्णता झाली असेल, ताक द्या.' पोट फुगलं की, 'गाभण दिसतेय.' आणि चार दिवसांत ती जाते. अशा दोघी मी पाहिल्यात.

मैत्रिणींनो, माज होऊन महिना-दोन महिने झालेल्या कुत्रीत ही लक्षणं दिसली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका आधी घ्या. डॉक्टर याला पायोमेट्रा म्हणतात. माजानंतर, गर्भ राहो न राहो, गर्भाशयाचं अस्तर जाड होतं आणि आत शिरलेल्या जंतूंना आयतं घर मिळतं. घाण वासाचा स्राव गेला तर निदान कळतं तरी. पण गर्भाशयाचं तोंड मिटलेलं असलं की बाहेर टिपूस दिसत नाही, आणि तेच जास्त घातक. पिशवी फुटली तर पू सगळ्या पोटात पसरतो.

सोनोग्राफी आणि रक्ततपासणीत हे कळतं. सलाईन, अँटिबायोटिक द्यायचं आणि लवकरात लवकर ऑपरेशन करून गर्भाशय-अंडाशय काढायचं, हा खात्रीचा उपाय. घरातली अंगदुखीची गोळी मात्र अजिबात देऊ नका, कुत्र्यांना ती विषासारखी बाधू शकते.

दुखणं दुर्मीळही नाही. स्वीडनमधल्या विम्याच्या नोंदींवरून २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, १० वर्षांच्या आत जवळजवळ चौथा हिस्सा माद्यांना ते झालेलं आढळलं. वेळेवर नसबंदी केली तर ते सहसा होतच नाही. पण 'मुक्या जनावराला कशाला कापायचं?' म्हणणारे घरोघरी आहेत. पुढे तिची पिल्लं, त्यातही माद्या, पोत्यात घालून बंदरावर सोडून येणारेही बहुधा तेच!

केंद्राच्या २०२३च्या नियमांनी पाळीव कुत्र्यांच्या नसबंदीची जबाबदारी मालकावर टाकलीय. ठीक आहे, पण सोय? राजापूरकडच्या एखाद्या वाडीतून आजारी कुत्री घेऊन रत्नागिरी गाठायची म्हणजे रिक्षाचं भाडंच किती! तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात महिन्यातून एक ठरलेला दिवस कुत्र्या-मांजरांच्या सोनोग्राफीचा आणि ऑपरेशनचा हवा. ग्रामसभेत पाणी, पाखाडी, दिवे यांच्या जोडीला ही मागणी आपणच मांडायला हवी.

तोवर कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी कुत्रीच्या माजाची तारीख लिहा. पुढचे दोन महिने तिचं पाण्याचं भांडं किती वेळा रिकामं होतं, तेवढं बघत राहा.