शिस्त फक्त मल्लानेच पाळायची का?

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत गादी विभागाच्या अंतिम लढतीत पंचांनी पृथ्वीराज मोहोळला विजयी घोषित केले. शिवराज राक्षे चीतपट झाला, असा निर्णय होता. आपली पाठ पूर्ण टेकलीच नाही, चित्रफीत पाहा, असे राक्षेचे म्हणणे होते. दाद लागली नाही, तेव्हा त्याने पंचाची कॉलर धरली आणि लाथ मारली. त्याच दिवशी किताबाच्या कुस्तीतही गुणावरून वाद झाला आणि काही सेकंद शिल्लक असताना महेंद्र गायकवाडने मैदान सोडले. मोहोळला गदा मिळाली. राक्षे आणि गायकवाड यांच्यावर प्रत्येकी तीन वर्षांची बंदी आली.

इंदापूर-बारामतीकडचा कुस्तीशौकीन या प्रकरणावर बोलू लागला की तीन मते हमखास पुढे येतात. पंचच चुकला तर मल्लाने दुसरे करायचे तरी काय, लाथ बसली ते योग्यच झाले, हे पहिले. दोन संघटनांनी दोन महाराष्ट्र केसरी भरवल्या तर बिघडले कुठे, पोरांना दुप्पट संधी मिळते, हे दुसरे. कुस्ती ईर्ष्येवरच चालते, ईर्ष्या आवरायला गेलात तर मैदाने ओस पडतील, हे तिसरे. ही मते मांडणारी माणसे कुस्तीवर जीव टाकणारी आहेत. यात्रेच्या मैदानात भर उन्हात रेवडीवरच्या कुस्तीपासून शेवटच्या जोडीपर्यंत बसून राहणारी ही माणसे आहेत. म्हणूनच त्यांच्या मतांना नीट उत्तर दिले पाहिजे.

पहिल्या मताची बाजू भक्कम आहे, हे आधी मान्य करतो. पुढे त्या लढतीच्या पंचावरही निलंबनाची कारवाई झाली. म्हणजे राक्षेची तक्रार निराधार नव्हती. पण तक्रार खरी असली म्हणून लाथ योग्य ठरत नाही. उलट, लाथेने सर्वाधिक नुकसान त्या तक्रारीचेच केले. लाथ पडली नसती, तर दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रभर एकच प्रश्न विचारला गेला असता: पाठ टेकली होती का? लाथ पडली आणि चर्चा राक्षेच्या वागण्यावर गेली. २०२३ च्या जानेवारीत पुण्यात आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात धाराशिवला गदा जिंकलेल्या मल्लाच्या ऐन उमेदीच्या तीन वर्षांवर गदा आली. त्याला चढवणाऱ्यांपैकी कुणाचा एक दिवसही वाया गेला नाही.

यातला दुसरा धोका आपल्या गावांना आहे. आपल्या यात्रांच्या मैदानात पंच म्हणून उभा राहतो तो बहुतेक वेळा जुना वस्ताद असतो. त्याच्याकडे ना चित्रफीत, ना पोलीस बंदोबस्त. भोवती हजारोंची गर्दी, प्रत्येक गावाचा आपला पैलवान, आणि निर्णय द्यायचा डोळ्यांदेखत, क्षणात. अहिल्यानगरची लाथ योग्य ठरली, तर उद्या निमगाव केतकीला किंवा सुप्याला एखादा पोरगा तेच करील आणि परवा तिथे पंच म्हणून उभे राहायला कुणी तयार होणार नाही. २०२३ च्या पुण्यातील स्पर्धेत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या माती विभागाच्या कुस्तीत चार गुण दिल्यावरून वाद पेटला, तेव्हा पंचाला फोनवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली होती. लाथ तिथूनच सुरू होते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये क्यूबाच्या आंखेल मातोस या तायक्वांदोपटूने पंचाच्या तोंडावर लाथ मारली. त्याला आजन्म बंदी झाली. तो २००० चा सुवर्णपदक विजेता होता. आज त्याचे नाव निघते ते त्या लाथेसाठी.

आता दुसऱ्या बाजूलाही उत्तर देणे भाग आहे. मल्लाने पंचाचा निर्णय मुकाट्याने मानावा, हीच आखाड्याची रीत, असे काही ज्येष्ठ सांगतात. हे म्हणणेही मला मान्य नाही. ज्यांच्या नावाने आपण छाती फुगवतो, त्या खाशाबा जाधवांनी मुकाट्याने सोसले असते, तर १९५२ साली हेलसिंकीला ते गेलेच नसते. निवडीच्या स्पर्धेत आपल्याला मुद्दाम गुण कमी दिले, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली, प्रतिस्पर्ध्याला चीत केले आणि मग ऑलिंपिकचे कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. खाशाबांनी तक्रार केली, हात उचलला नाही. पण त्यांना दाद मागायला एक दार होते आणि ते उघडले, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

दार नसले की काय होते, तेही बीजिंगमध्येच दिसले. स्वीडनचा ग्रीको-रोमन मल्ल आरा अब्राहमियन याने पंचांवर रागावून आपले कांस्यपदक गादीवर ठेवले आणि तो निघून गेला. त्याचे पदक काढून घेतले गेले. पण क्रीडा लवादाने जागतिक कुस्ती महासंघालाही सुनावले: खेळाडूची तक्रार तातडीने ऐकणारी अपील समिती ठेवणे हे तुमचे कर्तव्य होते आणि ते तुम्ही पाळले नाही. ज्याला शिस्त मागायची आहे, त्याने न्यायाची सोय आधी करायला हवी. न्यायाची सोय न करता मागितलेली शिस्त म्हणजे नुसती दंडेली आहे.

दोन केसरींचे मत मला सर्वांत घातक वाटते, कारण ते मल्लांच्या भल्याच्या नावाने मांडले जाते. राज्याच्या कुस्तीची सूत्रे मामासाहेब मोहोळ यांनी उभारलेल्या महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेकडे होती आणि शरद पवार दीर्घकाळ तिचे अध्यक्ष होते. २०२२ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने ती बरखास्त केली. रामदास तडस यांच्या अध्यक्षतेखाली नवा कुस्तीगीर संघ पुढे आला आणि वाद न्यायालयात गेला. त्याचे फळ काय? २०२३ या एका वर्षात महाराष्ट्राने तीन महाराष्ट्र केसरी पाहिले: जानेवारीत पुण्यात राक्षे, नोव्हेंबरात फुलगावला सिकंदर शेख आणि त्याच नोव्हेंबरात धाराशिवला पुन्हा राक्षे. २०२५ मध्ये फेब्रुवारीच्या अहिल्यानगरच्या स्पर्धेला ६७ वा क्रमांक होता आणि मार्चअखेर भीमेपलीकडच्या कर्जतला वेताळ शेळकेने जिंकलेल्या स्पर्धेला ६६ वा. सदुसष्टावी आधी आणि सहासष्टावी नंतर. ज्यांना आपल्या स्पर्धांचा क्रम लावता येत नाही, ते मल्लाला शिस्त शिकवायला निघाले आहेत.

दुप्पट संधी, असे म्हणतात. संधी कशाची? केसरीच्या गटातला मल्ल एका मोठ्या लढतीसाठी महिनोन्महिने अंग तयार करतो. दूध, बदाम, मटण, फळे, मालिश, दुखापतीवरचे उपचार हे सगळे घरच्या शेतीवर आणि यात्रांतल्या इनामांवर चालते. इकडे चैत्रात गावोगावच्या यात्रा सुरू होतात आणि त्याची वर्षाची कमाई त्या दीड-दोन महिन्यांत होते. तिकडे राष्ट्रीय स्पर्धांचे वेळापत्रक वेगळेच धावत असते. २८ जानेवारी २०२५ ला उत्तराखंडात ३८ वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा सुरू झाली आणि त्याच पंधरवड्यात आपल्याकडे केसरीची किताबी लढत झाली. राज्याचा सर्वोत्तम मल्ल देशासाठी ताजातवाना राहावा, याचा विचार कुणी केला होता का? विजय चौधरीने २०१४ ते २०१६ अशी सलग तीन वर्षे गदा जिंकली आणि पुढे तो पोलीस उपअधीक्षक झाला. त्या तीन गदांना वजन होते, कारण त्या वेळी महाराष्ट्र केसरी एकच होता. आज दोन गदा घरी असलेल्या पोराला विचारतात, ही कुठल्या संघटनेची? किताब दोन झाले की दोघांचाही मान अर्धा होतो.

इथे बारामतीकरांना आणि इंदापूरकरांना एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. परिषद म्हणजे आपली आणि संघ म्हणजे परका, किंवा याच्या उलट, अशी वाटणी आपण राजकारणाच्या निष्ठेवरून करतो. मल्लाचा त्याच्याशी काय संबंध? त्याला मैदान हवे, न्याय देणारा पंच हवा आणि वेळेवर जाहीर झालेली तारीख हवी. यातले एकही आपल्या निष्ठेतून त्याला मिळालेले नाही.

तिसरे मत ईर्ष्येचे. यातला अर्धा भाग मी मोकळेपणाने मान्य करतो. ईर्ष्या नसेल तर कुस्ती नाही. कोल्हापूरची तालीम विरुद्ध पुण्याची तालीम, माती विरुद्ध गादी, या गावचा पैलवान विरुद्ध त्या गावचा, यावरच हलगी कडाडते आणि लोक पायी चालत मैदानाला येतात. सत्तरच्या दशकात दिल्लीच्या सतपालविरुद्ध आपला हरिश्चंद्र बिराजदार उभा राहिला, तेव्हा सगळा महाराष्ट्र एका बाजूला होता. ती ईर्ष्या कुस्तीला मोठे करणारी होती. पण सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीनंतर काय झाले? दोघेही सोलापूर जिल्ह्याचे. जिल्ह्याची ईर्ष्या लावायला जागा नव्हती, म्हणून काहींनी धर्म काढला. इस्माईल शेख, आप्पालाल शेख, मुन्नालाल शेख, बाला रफीक शेख ही महाराष्ट्र केसरींच्या यादीतली नावे आहेत. २००५ साली महाराष्ट्र केसरी आपल्या इंदापुरात भरली, तेव्हा किताब सईद चाऊसने जिंकला होता. पुढच्याच वर्षी बारामतीत अमोल बुचडेने तो जिंकला. इंदापूरच्या गादीने आणि बारामतीच्या गादीने दोघांची पाठ कुणी टेकवू शकतो का, एवढेच तपासले. धर्म काढणारा कुस्तीचा शौकीन नाही. तो मैदानात दुसऱ्याच कामासाठी येऊन बसलेला माणूस आहे.

आणि ईर्ष्या कशी असावी, याचेही उदाहरण आपल्यासमोर आहे. २०२० मध्ये बालेवाडीत काका पवारांच्याच तालमीतले हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके किताबासाठी एकमेकांसमोर आले. एकाच वस्तादाचे पठ्ठे असूनही कुस्ती पूर्ण ताकदीने झाली. हर्षवर्धन जिंकला आणि त्याने शैलेशला खांद्यावर उचलून घेतले. ईर्ष्या कुस्तीपुरती होती, कुस्ती संपली तशी तीही संपली. हे शिकवता येते, कारण त्या तालमीत ते शिकवले गेले होते.

मग मागणी काय असावी? नुसते खंडन करून भागणार नाही.

पहिली मागणी: पंचाच्या निर्णयावर तिथल्या तिथे दाद. गादीवरच्या कुस्तीत आव्हान देण्याची सोय नियमांत आहे. ती प्रत्येक मोठ्या मैदानात, मातीवरही, खरोखर चालली पाहिजे. चित्रफीत पडद्यावर सर्वांना दाखवा आणि पंचाने कारण ध्वनिक्षेपकावरून सांगावे. रग्बीत पंचाच्या अंगावर माईक असतो, घरी बसलेल्या प्रेक्षकालाही त्याचे कारण ऐकू येते. तिथे पंचाशी फक्त कर्णधार बोलतो, वाद घातला तर संघाला दंड म्हणून दहा मीटर मागे ढकलतात, आणि सव्वाशे किलोची माणसे शांतपणे निर्णय ऐकतात. ती जन्मजात शांत नसतात. नियम स्पष्ट आहे, कारण ऐकू येते आणि शिक्षा सर्वांना सारखी होते, म्हणून ती ऐकतात.

दुसरी: शिक्षा स्वतंत्र समितीने, दोन्ही बाजू ऐकून, लेखी कारणांसह द्यावी आणि तिच्यावर अपील असावे. पंचाची चूक सिद्ध झाली तर निकालाचे काय करायचे, हेही स्पर्धेआधीच ठरलेले असावे. पंचांना दरवर्षी प्रशिक्षण, योग्य मानधन आणि संरक्षण द्या. ज्याच्याकडून निर्दोष निर्णयाची अपेक्षा आहे, त्याला उपेक्षेत ठेवून चालणार नाही.

तिसरी: एक किताब, एक वेळापत्रक. न्यायालयाचा निकाल काहीही लागो, तोवर दोन्ही संघटनांनी संयुक्त समिती नेमून वर्षातून एकच महाराष्ट्र केसरी भरवावी. तारीख सहा महिने आधी जाहीर व्हावी. राष्ट्रीय स्पर्धा आणि चैत्राच्या यात्रा टाळून. राज्य सरकारने मानधन आणि नोकरीसाठी एकाच किताबाला मान्यता द्यावी. पैसे आणि मान एकाच ठिकाणी मिळू लागले, तर दोन दुकाने फार काळ चालणार नाहीत.

चौथी मागणी तुम्हाआम्हाला आहे. गावच्या यात्रा कमिटीने मैदानाच्या जाहिरातीतच छापावे: पंचावर हात उचलणाऱ्या मल्लाला आणि त्याला चिथावणाऱ्या समर्थकाला पुढची तीन वर्षे या मैदानात प्रवेश नाही. आणि त्याच जाहिरातीत पंचाचे नाव व तक्रार कुणाकडे करायची तेही छापावे. यासाठी ना सरकार लागते, ना महासंघ.

२००५ आणि २००६ अशी लागोपाठ दोन वर्षे राज्याची सर्वांत मोठी कुस्ती आपल्या दोन तालुक्यांत झाली. एकच किताब, एकच मान्यता असलेली ती स्पर्धा इथल्या लोकांनी पाहिली आहे. म्हणून ती परत मागण्याचा अधिकार आपल्याला आहे आणि मागण्याची जबाबदारीही आपलीच आहे. मल्लाकडून शिस्त जरूर मागा. पण ज्या दिवशी त्याच्याकडे बोट दाखवाल, त्याच दिवशी दोन्ही संघटनांच्या अध्यक्षांना विचारा, पुढची महाराष्ट्र केसरी एकच आणि कोणत्या तारखेला? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.