डोळे मिटून उघडा ते पुस्तक!

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी अभिजात ठरली. आपण पेढे वाटले. जुने ग्रंथ, नियतकालिकं स्कॅन करून महाजालावर चढवणाऱ्यांचं कौतुकही मनापासून केलं. आता त्यातलं एखादं पुस्तक डोळे मिटून उघडा. अंध विद्यार्थी संगणक वापरतो तो स्क्रीन रीडरच्या भरवशावर. पडद्यावरचा मजकूर हे सॉफ्टवेअर त्याला वाचून दाखवतं. स्कॅन केलेलं पान त्याच्या लेखी निव्वळ फोटो. चारशे पानांचा ग्रंथ उघडला, तरी कानावर एक अक्षर पडत नाही.

टाइप केलेल्या मजकुराची गत आणखी मजेशीर. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘मराठी’ दिसतं. आत साठवलेलं असतं ई, जे, के, बी, एच. स्क्रीन रीडर तेच बरळतो. अभिजात!

कायदा आडवा येतो म्हणाल, तर २०१२च्या दुरुस्तीनेच कॉपीराइट कायद्यात दिव्यांगांसाठी सुलभ प्रती करायची मुभा दिली. त्याच कामासाठीचा मराकेश करार मंजूर करणारा पहिला देश भारत, २०१४ साली. डिजिटल सेवा दिव्यांगांनाही वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग, असं सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी बजावलं. घोडं अडलंय ते ‘आधी सगळं स्कॅन होऊ दे, मग बघू’ यापाशी. तो ‘मग’ काही उजाडत नाही.

तेव्हा उठा! प्रकाशकहो, युनिकोडमधली, म्हणजे आत खरी मराठी अक्षरंच साठवणारी, मूळ फाइल जपा, मागेल त्या अंध वाचकाला द्या. ग्रंथालयांनो, स्कॅनवर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारं सॉफ्टवेअर, चालवा. रफार आणि जोडाक्षरांत ते हमखास ठेचकाळतं, म्हणून निवृत्त शिक्षकहो, मुद्रितशोधकहो, तुमची नजर हवी आहे; विकिस्रोतावर एकेक पान तपासायचं काम घरबसल्या होतं. मोडी कागदाचा फोटो लावलात, तर त्यात काय लिहिलंय ते खाली लिहा. ‘छायाचित्र १’ एवढ्याने कुणाचं काय भागणार? मुलाखतींच्या ध्वनिफितींना कर्णबधिरांसाठी लिखित प्रत जोडा.

आणि विद्यापीठांतल्या प्रकल्पप्रमुखांनो, उद्घाटनाआधी माऊस बाजूला ठेवून नुसत्या कीबोर्डवर संकेतस्थळ चालवून पाहा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. शेवटची तपासणी अंध वाचकाकडूनच करून घ्या, तीही रीतसर मानधन देऊन. शाल-श्रीफळावर बोळवण नको. त्याने ‘चालत नाही’ म्हटलं, तर फीत कापायची तारीख पुढे ढकला, मग मंत्रीमहोदय येणार असले तरी.