मळणीयंत्राचा पंखा व चाळणी

आसनगाव, शहापूर, मुरबाड या भातपट्ट्यात हाताने झोडणी करण्याऐवजी मळणीयंत्र वापरले जाऊ लागले आहे, व मजुरांची टंचाई पाहता ते योग्यच होय. तथापि यंत्र घेताना वा भाड्याने आणताना ‘तासाला किती पोती निघतात?’ एवढेच विचारले जाते. पंखा व चाळणी यांकडे कोणी वाकूनही पाहत नाही. माझ्या मते यंत्राची खरी परीक्षा तेथेच व्हावयास हवी.

खळ्यावर उफणणारी बाई वारा पाहून सूप वरखाली करी. वारा पडला की थांबे. यंत्राला हा विवेक नाही. पुष्कळ यंत्रांत ढोल व पंखा एकाच इंजिनावर फिरतात. ढोलाचा वेग वाढविला की वाराही वाढतो आणि भरलेले दाणे भुशाबरोबर उडतात. वेग उतरविला की पोचट दाणे व काडीकचरा पोत्यात येतो. सबब वारा कमीजास्त करणारी झडप व बदलता येणारी चाळणी या सोयी असल्याच पाहिजेत. कर्जत-३ चा दाणा आखूड व जाड, कर्जत-७ चा लांब व बारीक; दोहोंस एकच चाळणी कशी पुरेल? मोहरीसारख्या बारीक बियांच्या प्रदेशात तर वारा व चाळणी बदलल्यावाचून यंत्र चालवीतच नाहीत. दवाने ओलावलेला पेंढा चाळणीची भोके बुजवितो, ही गोष्ट निराळी. तेथे ऊन चढेपर्यंत थांबणे हाच उपाय.

आधारभूत किमतीच्या खरेदीत भातामध्ये काडीकचऱ्यासारखी सेंद्रिय घाण १ टक्का, अपक्व व आक्रसलेले दाणे ३ टक्के आणि ओलावा १७ टक्के, याहून अधिक चालत नाही. क्विंटलमागे किलोभर काडी म्हणजे कितीशी! एवढ्यावरून पोती परत आली तर पुन्हा पाखडणी आणि गाडीभाडे, दोन्ही शेतकऱ्याच्याच माथी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकाच्या वेळी भुसा पडतो तेथे ताडपत्री अंथरावी. पाच मिनिटांचा भुसा सुपाने पाखडून त्यातील भरलेले दाणे लोकांसमोर तोलावेत, व त्याच वेळात पोत्यात पडलेले धान्यही तोलावे. नंतर यंत्र बंद करून झडप थोडी फिरवावी आणि पुन्हा तोलावे.

भाडे तासावर ठरले की चालक घाई करणारच, त्यात त्याचा दोष नाही. ते स्वच्छ धान्याच्या पोत्यावर ठरवावे, आणि पहिले पोते उघडून पाहिल्यावरच पुढची मळणी सुरू करू द्यावी.