नावे ठेवण्याने न्याय होतो काय?

मुलास नाव ठेवणे हे घरच्यांचे काम, आणि माणसास नावे ठेवणे हे शेजाऱ्यांचे. परंतु हे दुसरे काम आता राजकीय पक्षांनी आपल्याकडे घेतले असून ते मोठ्या नेटाने चालविले आहे. निवडणुकीचा नगारा वाजू लागला की अहेरी-आलापल्लीच्या चौकांत आणि मुलचेरा-चामोर्शीच्या वाटेवरील चहाच्या बाकांवर कोण भूमिपुत्र, कोण उपरा, कोण घुसखोर व कोण राष्ट्रद्रोही ह्यांचे निकाल भराभर लागू लागतात. फिर्यादी हजर नाही, आरोपीस समन्स पोचलेले नाही, पुराव्याचा एक कागद दाखल नाही, आणि तरी निकाल तयार! आमचे आयुष्य कोर्टकचेरीत चालले असल्यामुळे असल्या निकालांस आम्ही भितो. कारण त्यांवर अपील कोठे करावयाचे हे कोणत्याच कायद्यात सांगितलेले नाही.

ह्या निकालांपैकी आमच्या भागास सर्वांत जवळचा म्हणजे बंगाली वस्त्यांतील लोकांस सरसकट 'बांगलादेशी' ठरविणे हा होय. त्याचीच आधी तपासणी करू. १९६४ च्या प्रारंभी पूर्व पाकिस्तानात, खुलना व डाक्का ह्या भागांत, भयंकर दंगे झाले आणि हिंदूंची लाखो माणसे घरदार टाकून ह्या देशात आली. त्यांत नमशूद्र शेतकरी पुष्कळ होते. पश्चिम बंगालात आधीच निर्वासितांची दाटी. म्हणून केंद्र सरकारने ह्या नव्या लोकांस निरनिराळ्या राज्यांत पाठविले, आणि त्यांतील अनेक कुटुंबे तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आणून वसविली. सुंदरनगर, विवेकानंदपूर अशी जी गावे आज मुलचेऱ्याच्या बाजूस दिसतात ती ह्याच वसाहतीची होत. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ती त्यात आली.

आता बांगलादेश हे राष्ट्र जन्मास आले १९७१ साली. जो मनुष्य १९६४ साली आला त्याच्या माथी १९७१ साली जन्मलेल्या देशाचे नाव मारणे म्हणजे नातवाच्या नावावरून आजोबाचे बारसे करण्यासारखे आहे! पण केवळ सनावळीची ही चूक नाही. ती कायद्याचीही आहे. नागरिकत्वाच्या १९५५ च्या कायद्याप्रमाणे, २६ जानेवारी १९५० रोजी अथवा त्यानंतर, परंतु १ जुलै १९८७ पूर्वी, जो ह्या भूमीवर जन्मला तो, परकीय वकिलांच्या मुलांसारखे थोडके अपवाद सोडून, जन्मानेच भारताचा नागरिक होय. त्याचे आईबाप कोठून आले हे विचारण्याचे तेथे प्रयोजनच नाही. १९७० साली निर्वासितांच्या झोपडीत जन्मलेला व आज पन्नाशी ओलांडलेला मनुष्य त्यास 'चालता हो' म्हणणाऱ्या पुढाऱ्याइतकाच भारतीय आहे. त्याची बायकोही अशीच नागरिक असेल, तर त्यांची मुलेही नागरिकच आहेत.

आमच्या म्हणण्याचा कोणी विपर्यास करू नये. देशात कोणी यावे व कोणी येऊ नये हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक स्वतंत्र राष्ट्रास आहे, आणि चोरवाटेने आलेल्यास कायद्याने परत पाठविणे ह्यात अन्याय नाही. परंतु तो चोरवाटेने आला की नाही हे कागद पाहून, त्याचे म्हणणे ऐकून व लेखी हुकूम करून ठरले पाहिजे. भाषेचा हेल ऐकून ठरता कामा नये. २०२५ साली मुंबईच्या परिसरात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांस सीमेपार ढकलून देण्यात आले, आणि ते भारतीयच आहेत असे कळल्यावर त्यांस परत आणावे लागले. आधी शिक्षा व मग चौकशी, हा न्याय पेंढाऱ्यांच्या काळी शोभला असता.

इतके वाचून आमच्या काही वाचकांनी आम्हांस 'निर्वासितांचे वकील' हे नाव देऊनही टाकले असेल. त्यांनी दुसरी बाजूही ऐकावी. ह्या अरण्यात माडिया व गोंड पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. निर्वासितांची वसाहत करताना वस्ती व शेतीसाठी जी वनभूमी मोकळी झाली ती सरकारी दप्तरात सरकारची असेल. परंतु ज्यांची गुरे तेथे चरत, ज्यांचा मोह व तेंदू तेथून येई आणि ज्यांचे देव तेथे नांदत, त्यांस कोणी विचारले होते काय? आज माडिया तरुण जेव्हा म्हणतो की 'आमच्या जंगलात आम्हीच उपरे झालो', तेव्हा त्याच्या बोलण्यात द्वेष किती व दुःख किती ह्याची तोलणी करण्यापूर्वी त्याचे दुःख खरे आहे हे कबूल केले पाहिजे. त्यास 'फुटीर' किंवा 'विकासविरोधी' म्हणून वाटेला लावणे हेही नावे ठेवणेच होय.

तर मग दोघांचेही खरे आहे काय? होय, दोघांचेही खरे आहे. आणि ह्यातच ह्या प्रश्नाचे मर्म आहे. फाळणी ही साऱ्या राष्ट्रावर आलेली आपत्ती होती. तिच्यातून जे निराधार झाले त्यांस आसरा देणे हे साऱ्या राष्ट्राचे ऋण होते. परंतु ते फेडताना वसुली झाली ती माडियाच्या जंगलातून, आणि ज्यास दिले त्याच्या पदरातही पुरते पडले नाही. बंगालात नमशूद्र अनुसूचित जातींच्या यादीत आहेत. महाराष्ट्राच्या यादीत ते नाव नाही. म्हणून एकाच बापाच्या दोन मुलांपैकी जो तिकडे राहिला त्याच्या लेकरास सवलत व जो सरकारच्या हुकुमाने इकडे आला त्याच्या लेकरास ती नाही. २००६ चा वनहक्क कायदा घ्या. अनुसूचित जमातींखेरीज इतर वननिवाशांनी १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, वास सिद्ध केला पाहिजे असा त्याचा दंडक आहे. १९६४ पासून मोजले तर २००५ पर्यंत एकेचाळीस वर्षे भरतात. हा दंडक आम्हांस अन्यायाचा वाटत नाही, कारण अरण्याच्या मूळच्या मालकांचे रक्षण करणे हाच त्या कायद्याचा हेतू आहे. पण त्यावरून हे उघड होते की निर्वासिताची मागणी माडियाकडे नसून ज्याने त्यास येथे आणून बसविले त्या सरकारकडे आहे, आणि माडियाची फिर्यादही निर्वासितावर नसून त्याच सरकारवर आहे. दोन पक्षकार एकमेकांच्या झिंज्या धरून भांडत आहेत, आणि खरा प्रतिवादी कोर्टाच्या ओटीवर पान खात बसला आहे! 'भूमिपुत्र' व 'घुसखोर' ह्या शब्दांची खरी कमाई ही, की त्यांच्या गलक्यात ह्या तिसऱ्याचे नाव कोणी पुकारीत नाही.

हा रोग केवळ आमचा आहे असे नव्हे. ज्या विलायतेच्या पार्लमेंटाचे आम्ही गोडवे गाऊन थकत नाही तेथेही ह्याच प्रश्नावर माणसे शब्दांचे सोटे घेऊन उभी आहेत. तेथील इतिहास मोठा बोधप्रद आहे. केनिया १९६३ साली स्वतंत्र झाला तेव्हा तेथील पुष्कळ हिंदी लोकांनी ब्रिटिश नागरिकत्व राखले. पुढे तेथे राहणे कठीण होऊन ते विलायतेस येऊ लागले, तेव्हा १९६८ साली त्यांच्या तोंडावर दार लावणारा कायदा तीन दिवसांत मंजूर करून घेतला तो कोणी? गोरगरिबांचा कैवारी म्हणविणाऱ्या मजूर पक्षाच्या सरकारने! उलट १९७२ साली इदी अमीनने युगांडातून हिंदी लोकांस हाकलले, तेव्हा त्यांतील पंचवीस हजारांहून अधिक माणसांस थारा दिला तो सनातनी म्हणविणाऱ्या हुजूर पक्षाच्या हीथसाहेबांनी. १९६८ च्या एप्रिलात इनॉक पॉवेल ह्यांनी परदेशी लोकांविरुद्ध विखारी व्याख्यान दिले, तेव्हा हुजूर पक्षाच्या ह्या पुढाऱ्यास पदावरून दूर केले ते त्याच हीथसाहेबांनी, आणि त्याच्या बाजूने मोर्चा काढला तो लंडनच्या गोदीकामगारांनी! पक्षाच्या पाटीवरून माणसाची करणी ओळखू पाहणाऱ्याने ह्या चार वर्षांचा हिशेब एकदा मांडून पाहावा. पुढे २०१८ साली तर असे उघडकीस आले की साम्राज्याच्या हाकेस ओ देऊन वेस्ट इंडीजमधून रीतसर आलेल्या लोकांस, जवळ कागद नाहीत एवढ्यावरून, म्हातारपणी 'बेकायदा' ठरविण्यात आले होते. तेथेही ऋण साम्राज्याचे होते, आणि झळ लागली ती ज्यांस बोलाविले त्यांनाच.

महाराष्ट्रास तर हा धडा विलायतेहून आणावयास नको. जहाल व मवाळ ह्या दोन शब्दांवर आमच्या आजोबांनी किती शाई व किती स्नेह खर्च केला! परंतु परदेशी गेलेल्या हिंदी मजुरांवरील जुलमाविरुद्ध १९१० साली व्हाइसरॉयच्या कौन्सिलात ठराव मांडला आणि १९१२ साली स्वतः दक्षिण आफ्रिकेत जाऊन तेथील मंत्र्यांशी वाटाघाटी केल्या त्या 'मवाळ' गोखल्यांनी. आणि १९१५ साली गोखले निवर्तले तेव्हा त्यांच्या चितेजवळ उभे राहून त्यांचा गौरव केला तो 'जहाल' टिळकांनी. शब्द मागे राहिले, माणसे त्यांहून मोठी निघाली. १८५८ साली चांद्यास फासावर चढविलेले बाबूराव शेडमाके सरकारी दप्तरात बंडखोर होते. आज त्यांस हुतात्मा म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही. मुंबईत १९६६ नंतर ज्या आरोळ्या दक्षिणेकडील लोकांविरुद्ध उठल्या त्याच पुढे उत्तरेकडील लोकांविरुद्ध उठल्या. आरोळी तीच, माणूस तेवढा निराळा.

आता आम्ही आमच्या व्यापारी वाचकांकडे वळतो. अहेरीच्या बाजारातील दुकानांच्या पाट्या वाचीत कोणी चालला, तर त्यास ह्या गावाचा इतिहास आपोआप कळेल. कोणाचे आजोबा प्राणहिता ओलांडून तेलंगणातून आले, कोणाचे मारवाडातून, कोणाचे नागपूर-भंडाऱ्याकडून. 'आधी आला तो धनी व मागून आला तो चोर' हाच न्याय लावावयाचा तर माडियाच्या पंक्तीस बसण्याचा अधिकार आम्हां-तुम्हांपैकी कितीकांस राहील? आपण येथे राहतो व व्यापार करतो ते राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाच्या आधाराने. त्याच कलमाच्या पाचव्या उपकलमात, अनुसूचित जमातींच्या हितासाठी ह्या संचाराच्या व वास्तव्याच्या हक्कांवर मर्यादा घालता येईल असेही लिहिले आहे. पहिले वाक्य आपल्यासाठी वाचावयाचे व दुसरे केवळ बंगाल्यासाठी, असे वाचन कोणत्याही कोर्टात टिकणार नाही. आपल्यांतील जे 'भूमिपुत्र' म्हणून सर्वांत मोठ्याने ओरडतात त्यांनी, एका आदिवासीच्या नावे असलेल्या कोणत्या जमिनीचे धान आपल्या कोठारात येऊन पडते, हे एकदा स्वतःस विचारावे. पोत्यावरचा शिक्का पाहून तुम्ही कधी माल घेत नाही. पोते उघडून मूठभर दाणा हातावर घेता. जी चौकसबुद्धी धानाच्या बाबतीत दाखविता ती माणसाच्या बाबतीत दाखविण्यास काय हरकत आहे?

आणि नावाची किंमत काय पडते हे गडचिरोली जिल्ह्यास दुसऱ्याने शिकवावे लागू नये. 'खबऱ्या' ह्या एका शब्दापायी रात्री घरातून नेलेली माणसे, 'नक्षलवादी' ह्या एका शब्दापायी वर्षानुवर्षे तुरुंगात खितपत पडून शेवटी निर्दोष सुटलेली माणसे, ह्या भूमीने चार दशके पाहिली. जेथे शब्द इतक्या स्वस्तात जीव घेतो तेथे तो उच्चारण्यापूर्वी दहा वेळा विचार करणे हे केवळ सभ्यपणाचे नव्हे, शहाणपणाचे लक्षण आहे.

करावयाचे काय, हे आम्ही थोडक्यात सांगतो. ज्याच्या नागरिकत्वाविषयी शंका असेल त्याची चौकशी अधिकाऱ्याने कायद्याने करावी, चौकातील जमावाने करू नये. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा १९७४ चा कायदा व २००६ चा वनहक्क कायदा ह्यांची अंमलबजावणी पुरी व्हावी, आणि ह्या हक्कांत कोणत्याही नव्या-जुन्या वसाहतीने, खाणीने किंवा कारखान्याने पाय घालू नये. निर्वासितांच्या जमिनीचे कागद, त्यांच्या जातीचा दाखला व त्यांच्या मुलांचे शिक्षण ही केंद्र व राज्य सरकारांची थकबाकी आहे. ती त्यांनी आपल्या तिजोरीतून फेडावी, माडियाच्या ताटातून नव्हे. जातीची यादी बदलण्याचा अधिकार घटनेच्या तीनशे एकेचाळिसाव्या कलमाने संसदेस दिला आहे. तेव्हा मते मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवारास, मग त्याच्या गळ्यात कोणत्याही रंगाचा पट्टा असो, विचारावे की 'ह्या तीन गोष्टींपैकी आपण कोणती, केव्हा व कशी करणार?' जो उत्तर देईल त्याच्याशी वाद घालता येईल. जो उत्तराऐवजी कोणास तरी नावे ठेवील, त्याच्याजवळ उत्तर नाही हे आमच्या वाचकांनी खुशाल समजावे, आणि मत देताना ते विसरू नये.