तारण : वेतन कीं देणगी ?

विद्यार्थिजीवनांत बहुतेक सर्व गोष्टी कष्टानें मिळवाव्या लागतात. अभ्यासावांचून गुण नाहींत, सरावावांचून सामन्यांत यश नाहीं. ही शिस्त योग्यच होय. परंतु तिच्या संवयीनें आपल्या मनांत अशी एक समजूत घर करून बसते कीं, परमेश्वरही एक कडक परीक्षकच आहे, व त्याच्या दरबारीं आपली किंमत आपण मिळविलेल्या गुणांइतकीच. ह्या समजुतीचा विचार ख्रिस्ती मंडळींत शतकानुशतकें होत आला आहे. म्हणून तीविषयीं आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें दोन शब्द ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पांचव्या शतकाच्या आरंभीं पेलागियस नामक एका उपदेशकाचें म्हणणें असें होतें कीं, मनुष्य मनावर घेईल तर देवाच्या आज्ञा स्वबळानें पाळूं शकेल. उलट, उत्तर आफ्रिकेंतील बिशप ऑगस्तीन म्हणे कीं, चांगलें करण्याची इच्छासुद्धां प्रथम देवाच्या कृपेनेंच उपजते. इ. स. ४१८ मध्यें कार्थेज येथील धर्मसभेनें पेलागियसाचें मत त्याज्य ठरविलें. पुढें १५१७ सालीं मार्टिन लूथर यानें पापदंडाच्या माफीपत्रांच्या विक्रीस विरोध केला, आणि त्यांतून उद्भवलेल्या वादानें पश्चिम यूरोपांतील मंडळी दुभंगली. मनुष्याचा स्वीकार त्याच्या पुण्याईमुळें नव्हे, तर केवळ कृपेनें होतो, असें रोमन कॅथलिक व लूथरपंथी ह्या उभयतांनीं एकत्र जाहीर करण्यास ३१ ऑक्टोबर १९९९ हा दिवस उजाडावा लागला.

तारण ही देणगी आहे हें मान्य केल्यावरही एक प्रश्न उरतो : ती देऊं केली आहे कोणास ? ह्याच प्रश्नावर इंग्लंडांत दोन जिवलग मित्रांचें बिनसलें. १७३९ सालीं जॉर्ज व्हाइटफील्ड ह्यानें ब्रिस्टलजवळील कोळशाच्या खाणींतील मजुरांस उघड्या माळावर उपदेश करण्यास आरंभ केला, व त्या कामीं जॉन वेस्लीस बोलावून घेतलें. त्याच वर्षीं वेस्लीनें एका प्रवचनांत प्रतिपादिलें कीं, देवाची कृपा मोफत आहे व ती सर्वांसाठीं आहे. व्हाइटफील्डचें मत निराळें होतें : देवानें ज्यांस निवडलें त्यांसच ती लाभते, स्वीकार-नकार मनुष्याच्या हातीं ठेविला, तर तारणाचें श्रेय पुन्हा मनुष्याकडेच जातें. १७४१ मध्यें त्याचें उत्तर छापून प्रसिद्ध झालें, आणि उभयतांचे मार्ग वेगळे झाले.

आम्हांस वेस्लीचें म्हणणें पटतें. भिक्षेकऱ्यानें झोळी पुढें केली म्हणून भिक्षा ही त्याची मजुरी होत नाहीं. आणि ज्या पंगतींत पानें मोजकींच मांडलीं आहेत, तिचें आमंत्रण साऱ्या गांवास देणें ही थट्टाच होईल. तथापि व्हाइटफील्डची भीति अनाठायीं नव्हती. झोळी पुढें केल्याचाही गर्व वाहणारे लोक असतात.

कित्येक पालक विचारतील, 'तारण मोफत, तर मुलें सदाचरण कशाला करतील ?' आमचें उत्तर हें कीं, आई तान्ह्या मुलास दूध पाजते, तें त्याची चाकरी पाहून नव्हे. तरी तेंच मूल मोठेपणीं तिची सेवा करतें. ती सेवा दुधाची किंमत नसते; प्रेमाचें फळ असते.

खरी अडचण निराळीच आहे. द्राक्षमळ्याच्या दृष्टांतांत सकाळपासून राबलेले मजूर कुरकुर करतात, ती आपली मजुरी बुडाली म्हणून नव्हे; संध्याकाळीं आलेल्यांसही तितकीच मिळाली म्हणून. स्वतःस लाभलेली कृपा आपणांस गोड लागते. दुसऱ्यास, विशेषतः विरुद्ध मताच्या मनुष्यास, ती मिळतांना मात्र आपण त्याची पात्रता तपासूं लागतों. वरील दोघे मित्र अखेरीस ह्या कसोटीस उतरले. त्यांचा मतभेद मिटला नाहीं, पण स्नेह पुन्हा जुळला. १७७० मध्यें व्हाइटफील्ड अमेरिकेंत मरण पावला, तेव्हां त्याच्याच इच्छेस अनुसरून लंडनांत त्याच्या स्मरणार्थ प्रवचन केलें, तें वेस्लीनें.

विद्यार्थिमित्रहो, गुण अवश्य मिळवा. पण प्रगतिपुस्तकांतील आंकड्यांनीं तुमचा अभ्यास मोजला जातो, तुम्ही नव्हे. आणि वर्गांत जो मागें पडला आहे, त्याच्याकडे पाहतांनाही हें विसरूं नका.